मुलखाबाहेरचा काळा चंडोल

हे मनन घाईने वाचून संपवायचं नाही. एक परिच्छेद वाचावा, हातातलं पान खाली ठेवावं, वाचलेलं डोळ्यांपुढे आणावं आणि मगच पुढे जावं. मध्येच दुसरे विचार येतील. येऊ द्यावेत, त्यांना हाकलत बसू नये. आपल्याला आज एका पक्ष्याकडे पाहायचं आहे, एवढंच.

पक्षी आहे काळा चंडोल. दक्षिण रशियाचा काही भाग आणि कझाकस्तानचा अफाट गवताळ प्रदेश हा त्याचा मुलूख. तिथून तो क्वचित फार दूर भरकटतो, इतका की ज्या गावात तो उतरतो तिथे त्या दिवसाची तारीख लोक कायमची लिहून ठेवतात. त्या भरकटण्यापाशी आपण जाणारच आहोत. पण ज्याचं घर पाहिलेलं नाही त्याचं घराबाहेर जाणं समजत नाही. म्हणून सुरुवात घरापासून.

आधी माळ

डोळ्यांपुढे जमीन आणा. किंचित उंचसखल, आणि नजर जाईल तिथवर एकही झाड नाही. हंगेरीपासून मांचुरियापर्यंत सुमारे आठ हजार किलोमीटर पसरलेल्या गवताळ पट्ट्याचा हा मधला भाग. समुद्र इथून फार लांब. ढग इथवर पोचेपर्यंत बरेचसे रिकामे झालेले असतात. पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला २५० ते ३५० मिलिमीटर, तेवढंच. झाडाचं एवढ्यावर भागत नाही. गवताचं भागतं.

समुद्र लांब असला की हवा दोन्ही टोकं गाठते. जानेवारीत पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत सहज उतरतो, कधी चाळीसपर्यंतही. जुलैत तोच पारा शून्याच्या वर पस्तिशी ओलांडतो. या जमिनीवर जे काही जगतं त्याला ही दोन्ही टोकं सोसावी लागतात, किंवा वेळ पाहून इथून निघून तरी जावं लागतं.

आता खाली वाकून पाहा. गवताच्या दाण्यांना लांब, पांढरी, पिसासारखी शेपटं आहेत आणि वारा आला की सगळा माळ एका अंगाला झुकतो. मधूनमधून करड्या-हिरव्या रंगाची बुटकी झुडपं आहेत. त्यांचं पान बोटांत चुरडलं तर उग्र वास येतो. आपल्या देवळात वाहिला जाणारा दवणा याच झुडपांचा भाऊबंद, म्हणून तो वास आपल्याला अगदीच परका वाटायचा नाही. एप्रिल-मेमध्ये याच जमिनीतून रानटी ट्यूलिप वर येतात, लाल, पिवळे, पांढरे. काही आठवडे माळ रंगतो आणि उन्हं तापली की पुन्हा पिवळा पडतो.

खोलगट जागी वितळलेल्या बर्फाचं पाणी साचतं. ते आटतं तेव्हा मागे मीठ राहतं. व्होल्गा नदीच्या पूर्वेला एल्टन नावाचं असंच एक मोठं खारं सरोवर आहे. काळ्या चंडोलाचं शास्त्रीय नाव, मेलानोकोरिफा येल्टोनिएन्सिस, या सरोवरावरून पडलं आहे. १७६५ मध्ये योहान राइनहोल्ड फोर्स्टर हा निसर्गाभ्यासक रशियाच्या राजदरबाराने सोपवलेल्या कामासाठी व्होल्गाकाठच्या जर्मन वसाहती पाहायला गेला. बरोबर दहा वर्षांचा मुलगा होता. त्या प्रवासातल्या नोंदींतून युरोपच्या विद्वानांना या पक्ष्याची शास्त्रीय ओळख झाली. पुढे हेच बापलेक कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीत पृथ्वीला वळसा घालून आले. पक्षी मात्र होता तिथेच, आपल्या खाऱ्या सरोवरांच्या आसपास.

या माळावर मनाने थोडा वेळ उभे राहा. टेकायला झाड नाही आणि आडोशाला भिंत नाही. इथल्या पक्ष्याला दोनच जागा: जमीन आणि आभाळ. चंडोलांनी दोन्ही घेतल्या. घरटं जमिनीवर केलं आणि गाणं वर नेलं.

झिजून आलेला काळा

आता नराकडे पाहू. साळुंकीपेक्षा थोडा लहान, अंगाने भरलेला, चोच जाड आणि फिकट. वसंतात तो जवळजवळ नखशिखांत काळा असतो. पिवळट-करड्या माळावर हा काळा ठिपका फार लांबून दिसतो. उडतानाही त्याची तऱ्हा वेगळी. पंख उंच उचलून सावकाश, खोल खोल मारत तो जातो, आणि गातही असतो. कधी एखाद्या ढेकळावर बसून, पंख सैल सोडून, शेपटी उभारून गातो.

हा काळा रंग येतो कसा, तिथे जरा थांबू या.

पुष्कळ पक्षी विणीच्या हंगामाआधी नवी पिसं घालतात. चंडोलांचं तसं नाही. त्यांची सगळी पिसं वर्षातून एकदाच बदलतात, तीही वीण आटोपल्यावर, उन्हाळ्याच्या अखेरीस. त्या वेळी काळ्या चंडोलाच्या अंगावर जे नवं पीस येतं ते मुळात काळंच असतं. पण त्याला वाळूच्या रंगाची रुंद किनार असते. पिसं एकावर एक बसली की त्या किनारीच तेवढ्या दिसतात. शरद ऋतूतला नर म्हणून फिकट, खवल्याखवल्यांचा दिसतो आणि वाळलेल्या गवतात मिसळून जातो.

मग हिवाळा येतो. वारा, बर्फाचे कण, गवताची खरखरीत पाती यांनी पिसांच्या कडा घासल्या जातात. काळ्या भागात जे रंगद्रव्य आहे ते पिसाला चिवटपणाही देतं. फिकट किनारीत ते नसतं, म्हणून किनार आधी झिजते. थोडी थोडी करून ती गळून जाते आणि वसंतापर्यंत खालचा काळा उघडा पडतो. नवं पीस एकही आलेलं नसतं. एप्रिलमध्ये जो रंग दिसतो तो सप्टेंबरातही अंगावर होताच.

इथे मन लगेच धावेल. हे तर आपल्याच आयुष्यासारखं आहे, झिजल्याशिवाय माणूसही उघडा होत नाही, असं काहीतरी जुळवू लागेल. जुळवू नका. निदान आता नको. मननात हीच घाई फार होते: समोरची गोष्ट पुरती पाहून होण्याआधी तिच्यातून बोध काढला जातो आणि मग ती गोष्ट दिसेनाशी होते. पक्षी आपल्याला काही शिकवायला झिजत नाही. वाऱ्यात आणि बर्फात दिवस काढले की पीस झिजतं. एवढ्यावरच काही क्षण मन ठेवा. पिसाची एक कडा, तिच्यावर घासणारं एक पातं.

मादी आणि तिचं अंगण

नराकडे पाहताना मादी नजरेतून सुटते. तिची रचनाच सुटण्यासाठी आहे. मातकट, रेघोट्यांची, नराहून लहान. ती हलली नाही तर पायाशी असूनही दिसायची नाही.

जमिनीत उथळ खळगा करून ती गवताचं घरटं विणते. चार-पाच अंडी घालते. आणि मग एक काम करते जे फार थोड्या पक्ष्यांत पाहायला मिळतं. माळावर चरणाऱ्या गुरांचं, घोड्यांचं, मेंढ्यांचं वाळलेलं शेण आणि लेंड्या ती चोचीने उचलून आणते आणि घरट्याभोवती मांडते. एकेक तुकडा आणून ती घरट्याबाहेर शेणाची चांगली ऐसपैस फरसबंदी करते. आपल्याकडे सारवलेलं अंगण असतं, तसं हे शेणाचं अंगण.

कशासाठी? कझाकस्तानात या घरट्यांचा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. अभ्यासकांनी अनेक शक्यता तपासल्या. त्यांत सर्वांत पटणारी ठरली ती अशी: चरणारं जनावर शेणाजवळचं गवत तोंडाला लावत नाही. गाय पाळणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असतं. ज्या जागेपासून जनावराचं तोंड दूर राहतं तिथे त्याचा खूरही कमी पडतो. उघड्या माळावर, जमिनीसरशी अंडी घालून बसलेल्या पक्ष्याला खुराची भीती मोठी. ती चंडोलीण जनावरांच्याच शेणाने कमी करते. दिवसा तापणाऱ्या आणि रात्री गारठणाऱ्या जमिनीवर घरट्याचं तापमान फार वरखाली होऊ नये, यालाही या मांडणीची मदत होते.

सावकाश कल्पना करा. जवळपास तिच्या डोक्याएवढा शेणाचा तुकडा. चोचीत धरून उडायचं किंवा चालत ओढायचं, ठेवायचं, परत जायचं. माळावर हजारो वर्षं खुरं फिरत आली आहेत, कधी रानघोड्यांची, कधी सायगा हरणांची, कधी माणसाच्या कळपांची. त्या खुरांच्या सोबतीने जगायची ही तिची रीत आहे. जनावरं नसलेल्या माळावर तिला शेणच मिळणार नाही, आणि जनावरं फार झाली तर शेणाचं अंगण असूनही घरटं तुडवलं जाईल.

बर्फ पडतो तेव्हा

आता ऋतू बदला. माळावर बर्फ आहे.

विणीच्या दिवसांत हा पक्षी किडे भरपूर खातो, हिवाळ्यात मात्र बियांवर राहतो. बिया जमिनीवर असतात आणि जमीन बर्फाखाली जाते. पण बर्फ सगळीकडे सारखा पडत नाही. एखाद्या उंचवट्यावरून वारा तो उडवून नेतो. एखादं वर्ष पश्चिमेला जास्त पडतो, एखादं वर्ष पूर्वेला. अन्न कुठे उघडं मिळेल हे गेल्या वर्षीच्या अनुभवावरून ठरवता येत नाही. म्हणून काळे चंडोल मोठमोठे थवे करतात आणि बर्फ जसा सरकेल तसे सरकतात. त्यातही नर बरेचसे उत्तरेकडेच थांबतात, माद्या आणखी दक्षिणेला उतरतात. कडाक्याच्या वर्षी थवे दूरवर जातात, सौम्य वर्षी फारसे हलत नाहीत.

याच्या शेजारी दुसरा पक्षी ठेवून पाहा: आपली भोरडी, म्हणजे पळस मैना. तीही मध्य आशियाच्या याच गवताळ पट्ट्यात टोळांवर आणि नाकतोड्यांवर पिलं वाढवते. पण तिचं हिवाळ्याचं गाव ठरलेलं आहे. पावसाळा सरत आला की ती भारतात येते, महाराष्ट्रात येते, ज्वारीच्या शेतांवर तिचे थवे उतरतात, आणि एप्रिलच्या आसपास ती परत जाते. भोरडीची वाट ठरलेली असते. काळ्या चंडोलाच्या हिवाळ्याला तशी वाट नाही. बर्फाच्या कडेकडेने फिरणं हाच त्याचा हिवाळा.

पक्ष्यांच्या पुस्तकांत नकाशे असतात. विणीचा मुलूख एका रंगात, हिवाळी मुलूख दुसऱ्या रंगात. रंगाची कड अगदी स्वच्छ आखलेली असते. भोरडीच्या नकाशावर ती कड बऱ्यापैकी खरी असते. काळ्या चंडोलाच्या हिवाळ्याची कड मात्र पुष्कळ वर्षांच्या नोंदी गोळा करून काढलेली सरासरी आहे. कुठल्याही एका जानेवारीत तो त्या कडेच्या बराच आत असेल किंवा बराच बाहेर. आपण ज्याला मुलखाबाहेर जाणं म्हणतो ते त्याच्या रोजच्या सरकण्यापेक्षा वेगळ्या जातीचं नाही, फक्त लांबीने जास्त आहे.

मननाचा मुख्य धागा इथे हाती येतो, तो नीट धरून ठेवा. ज्या स्वभावामुळे हा पक्षी उणे वीस अंशांत तगतो, त्याच स्वभावामुळे कधीतरी तो फार लांब जाऊन पडतो. एक ठेवून दुसरं काढून टाकता येत नाही.

पक्षी भरकटण्याची इतरही कारणं असतात. जोराचा वारा थव्याला बाजूला नेतो. कोवळ्या पक्ष्यांत दिशेचं उपजत ज्ञान कधी उलटं बसतं. परतीच्या प्रवासात काही जण थांबायच्या जागेवरून पुढे निघून जातात. काही जण दुसऱ्याच जातीच्या थव्यात मिसळतात आणि त्यांच्यामागे जातात. एकाच पक्ष्याच्या प्रवासात यांतली दोन-तीन कारणं एकत्र येऊ शकतात.

अशा बहुतेक पक्ष्यांचा शेवट गाजावाजा न होता होतो. जोडीदार मिळत नाही, वंश पुढे जात नाही. पण सगळ्यांचाच नाही. गुरांच्या पाठीवर बसणारा आपला ओळखीचा गायबगळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आफ्रिकेतून अटलांटिक ओलांडून दक्षिण अमेरिकेत पोचला. तिथे जंगल तोडून कुरणं झाली होती, गुरं आली होती. बगळा टिकला, वाढला आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उत्तर अमेरिकेतही वसला. पहिले जे कुणी समुद्रावरून गेले असतील त्यांना भरकटलेलेच म्हणावं लागेल. त्यांच्या नातवंडांना मात्र तिथले रहिवासी म्हणतात.

घरच सरकलं तर

आणखी एक बाजू पाहून घेऊ. पक्षी जागचा हलला नाही आणि मुलूखच त्याच्या पायाखालून गेला, असंही होतं.

१९५४ मध्ये सोव्हिएत सरकारने पडीक जमिनी लागवडीखाली आणायची मोठी मोहीम सुरू केली. पुढच्या सहा-सात वर्षांत एकट्या कझाकस्तानात सुमारे अडीच कोटी हेक्टर माळ नांगरला गेला, गव्हासाठी. ज्या जमिनीला पडीक म्हटलं ती काळ्या चंडोलाच्या दृष्टीने पुरेपूर वसलेली होती. नांगरलेल्या गव्हाच्या शेतात तो क्वचितच राहतो.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला. सामुदायिक शेतं बंद पडली, कोट्यवधी मेंढ्या विकल्या किंवा कापल्या गेल्या, नांगरलेली जमीन ओस पडली. माणसांसाठी ती वर्षं फार कठीण होती. त्याच वर्षांत सोडून दिलेल्या शेतांवर हळूहळू गवत परतलं, आणि गवतामागोमाग चंडोल. २००८ मध्ये उत्तर कझाकस्तानातल्या नाउर्झुम आणि कोर्गाल्झिन या राखीव क्षेत्रांचा, तिथल्या माळ आणि सरोवरांसह, युनेस्कोने जागतिक वारसा यादीत समावेश केला. तोवर बरीचशी ओस शेतं पुन्हा नांगराखाली जायला लागलीही होती.

समुद्राकाठच्या कड्यावर

आता तो प्रवास.

वेल्सच्या वायव्य टोकाला अँगलसी नावाचं बेट आहे. त्याच्या पश्चिम काठावर साउथ स्टॅक हा खडक, त्यावर १८०९ पासून एक दीपगृह. मागे उंच कडे, कड्यांवर समुद्रपक्ष्यांच्या दाट वसाहती आणि कड्यांच्या वरच्या सपाटीवर काटेरी, खुरटी झुडपं. २००३ च्या जूनच्या पहिल्याच दिवशी या सपाटीवर एक काळा पक्षी दिसला. काळ्या चंडोलाचा नर, किनारी झिजून पुरता काळा झालेला.

एल्टन सरोवरापासून हे ठिकाण सरळ रेषेत सुमारे साडेतीन हजार किलोमीटर आहे. मधलं सगळं युरोप त्याने मागे टाकलं होतं. आणखी पश्चिमेला आयर्लंड, आणि मग महासागर. काही दिवस तो तिथे राहिला. या बातमीने ब्रिटनभरचे पक्षीनिरीक्षक दुर्बिणी घेऊन धावले.

दृश्य मनात उभं करा आणि दोन्ही बाजूंनी पाहा. माणसांच्या बाजूने पाहिलं तर आयुष्यात एकदा घडणारी गोष्ट. पक्ष्याच्या बाजूने पाहिलं तर उघडी जमीन, आखूड गवत, किडे, वारा. झाड नाही. म्हणजे राहायला योग्य. मातकट मादी तेवढी नाही, आणि दुसरा काळा नरही नाही. त्याच्या मनात काय होतं हे रंगवायचा मोह होईल. एकटेपणा, विरह, साहस, यांपैकी काहीतरी त्याच्या अंगावर टाकावंसं वाटेल. तो मोह आवरा. तो खात होता, फिरत होता, सावध होता. जेवढं दिसतं तेवढं पुष्कळ आहे.

आता गर्दीकडे वळा. एवढे लोक का आले? तो दुर्मीळ होता म्हणून. पण त्याच आठवड्यात कझाकस्तानात त्याच्यासारखे असंख्य काळे नर गात होते आणि तिथे गर्दी नव्हती. पक्षी तोच, फक्त जागा बदलली आणि किंमत चढली. दुर्मीळपणा हा पक्ष्याचा गुण नाही. तो पाहणाऱ्याच्या पत्त्यावर अवलंबून असतो.

जे पाहिलं ते तसंच

या चंडोलाच्या ब्रिटनमधल्या नोंदींचा इतिहास लहान आहे, पण त्यावर विचार करण्यासारखा आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर, हेस्टिंग्ज गावाच्या परिसरातून, एकामागून एक दुर्मीळ पक्षी मारल्याच्या बातम्या येत राहिल्या. काळा चंडोलही त्यांत होता. श्रीमंत संग्राहक स्वदेशात मारलेल्या दुर्मीळ पक्ष्याला चांगली किंमत देत. त्याच पक्ष्याला परदेशातून आणलं तर किंमत मिळत नसे. १९६२ मध्ये ‘ब्रिटिश बर्ड्स’ मासिकाने या सगळ्या नोंदींची झाडाझडती छापली. संख्याशास्त्रज्ञ जॉन नेल्डर यांनी दाखवलं की त्या एका टापूतल्या, त्या ठरावीक वर्षांतल्या दुर्मीळ नोंदी इतक्या जास्त आहेत की योगायोगाने त्याचा खुलासा होत नाही. नोंदी रद्द झाल्या आणि काळा चंडोल ब्रिटनच्या यादीतून गेला.

याच्या उलट गोष्ट उत्तरेकडची. यॉर्कशरच्या किनाऱ्यावर स्पर्न नावाची वाळूची लांब जीभ समुद्रात शिरली आहे. तिथे १९८४ च्या एप्रिलमध्ये एक काळा चंडोल दिसला होता. ती नोंद तेव्हा अधिकृत झाली नाही. २००३ मध्ये अँगलसीचा पक्षी सगळ्यांनी पाहिला, त्यानंतर जुनं वर्णन पुन्हा तपासलं गेलं आणि स्पर्नची नोंद मान्य झाली. अशा रीतीने पहिला पक्षी दुसऱ्यानंतर पहिला ठरला. २००८ च्या एप्रिलमध्ये नॉर्फकच्या किनाऱ्यावर विंटरटन इथे आणखी एक आला.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. एकीकडे भरपूर पुरावा होता, मेलेले पक्षी हातात होते, आणि ते खोटं निघालं. दुसरीकडे लिहून ठेवलेलं वर्णन तेवढं होतं आणि ते खरं निघालं. फरक पुराव्याच्या वजनात नव्हता. पहिल्या गोष्टीत कुणाला तरी तो पक्षी तिथे हवा होता. दुसरीत कुणीतरी जे दिसलं ते लिहिलं आणि ठेवून दिलं.

आणि मादीला इथे पुन्हा आठवा. काळा नर अनोळखी किनाऱ्यावर उतरला तर कुणीही वळून पाहील. मातकट मादी त्याच सपाटीवर उतरली तर? माणसांच्या यादीत जे आहे ते माणसांना दिसलेलं आहे. ज्या किनाऱ्यावर दुर्बिणी जास्त, तिथे नोंदी जास्त. पक्षी कुठे जातो हे नोंदी सांगतात, पण त्याहून जास्त त्या हे सांगतात की आपण कुठे पाहतो.

आता, मघाशी थांबवलेल्या मनाला थोडं मोकळं सोडायला हरकत नाही. पुरतं पाहून झालं आहे. घर सोडून फार लांब गेलेली माणसं प्रत्येक कुटुंबात असतात. कुणी पोटासाठी बर्फाच्या कडेने सरकत गेलेलं, कुणाला वाऱ्याने नेलेलं, कुणाचा मुलूखच पायाखालून गेलेला. त्यांच्याविषयी आपण एका शब्दात निकाल देऊन बसलेले असतो: वाट चुकला, हुशार निघाला, तिकडचाच झाला. काळ्या चंडोलाला इतका वेळ पाहिल्यावर निदान एवढं तरी करता येईल की निकाल जरा लांबवावा. माणूस लांब का गेला हे विचारायच्या आधी इथे तो कसा जगत होता ते विचारावं.

आपला माळ

काळा चंडोल आपल्याकडे येत नाही. त्याचे शेजारी येतात. भोरडीचं सांगून झालं. त्याच गवताळ प्रदेशात वीण करणारे भोवत्या हे शिकारी पक्षी हिवाळ्यात पुणे, सोलापूर, अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या माळरानांवर जमिनीलगत तरंगताना दिसतात आणि रात्री गवतातच मुक्काम करतात. मध्य आशियातले आखूड बोटांचे चंडोल थव्याने येतात. ते ज्या जमिनीवर उतरतात तिथे आपले कायमचे चंडोलही राहतात. त्यांतल्या एका तुरेवाल्या जातीचं शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३२ मध्ये दख्खनमधूनच केलं.

या जमिनीला आपणही पडीक म्हणतो. तिथे झाडं लावली की पर्यावरणाचं काम झालं असं समजतो. कझाकस्तानात जे नांगराने झालं ते आपल्याकडे कधी खड्डे खणून रोपं लावल्याने होतं, कधी प्लॉट पाडून, कधी सौर पॅनेलच्या रांगांनी. माळावर राहणाऱ्या पक्ष्याला झाड हे घर नाही. त्याच्या लेखी तो अडथळा आहे, आणि घारी-कावळ्यांना टेहळणीसाठी मिळालेली जागा.

म्हणून या मननाचा शेवट बसल्या जागी करू नका. या हिवाळ्यात एका सकाळी जवळच्या माळावर जा. वही घ्या. तारीख, वेळ, जागा लिहा आणि जे दिसेल ते तसंच लिहा. रंग, आकार, तो काय करत होता, किती होते. ओळख पटली नाही तर ‘ओळख पटली नाही’ असं लिहा, अंदाजाने नाव घालू नका. तीच वही दरवर्षी त्याच माळावर न्या. आणि गावच्या माळावर वृक्षारोपणाचा ठराव ग्रामसभेत येईल तेव्हा हात वर करून एकदा विचारा, की या जागेवर सध्या कोण राहतं. उत्तर तुमच्या वहीत असेल, ते वाचून दाखवा.